संगणकीय हवाई युद्धखेळांची बोली : शब्द, अर्थ आणि आचारधर्म

१

एखाद्या व्यवसायात, खेळात किंवा पंथात दीर्घकाळ एकत्र वावरणारी माणसे स्वतःची अशी वेगळी शब्दसंपत्ती निर्माण करतात, हे समाजभाषाविज्ञानातील परिचित निरीक्षण आहे. अशा शब्दसंपत्तीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन गोष्टींकडे जाते. एक, तिच्यातील काटकसर; थोड्या अक्षरांत पुष्कळ सांगण्याची सोय. दुसरी, तिच्यातील आडपडदा. परक्याला दूर ठेवण्याची युक्ती. परंतु या दोहोंखेरीज गटबोलीचे आणखी एक कार्य असते आणि त्याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. ते म्हणजे न्यायनिवाडा. ज्या समूहाजवळ लिखित कायदा नाही, शिक्षा करणारी यंत्रणा नाही, तो समूह आपले विधिनिषेध शब्दांत साठवून ठेवतो. संगणकावरील सामूहिक हवाई युद्धखेळांची बोली हे या प्रक्रियेचे एक ठळक उदाहरण आहे.

या खेळांची परंपरा आता साडेतीन दशकांहून अधिक जुनी आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतील ‘जीनी’ या संगणकीय सेवेवर ‘एअर वॉरियर’ हा खेळ आला. त्यानंतर १९९५ मध्ये ‘वॉरबर्ड्स’, २००० मध्ये ‘एसेस हाय’, २००१ मध्ये रशियन निर्मात्यांचा ‘आयएल-२ स्टर्मोविक’ आणि २०१२ मध्ये सर्वांना खुला झालेला ‘वॉर थंडर’ असा हा क्रम सांगता येतो. या खेळांचे स्वरूप स्थूलमानाने सारखेच आहे. निरनिराळ्या गावी, आपापल्या संगणकापुढे बसलेले खेळाडू एकाच काल्पनिक आकाशात, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील विमाने चालवतात आणि एकमेकांना पाडतात. ज्याचे विमान पडले तो काही क्षणांत नवे विमान घेऊन परत येतो. ‘मृत्यू’ आहे, पण त्याला अंत नाही, ही या खेळाची मूलभूत अट होय. या बोलीतील अर्थांतरे समजून घेताना ही अट सतत ध्यानात ठेवावी लागते.

२

या बोलीचा पहिला थर वारशाने आलेला आहे. तो प्रत्यक्ष हवाई युद्धांतून, बहुतांशी जसाच्या तसा उचललेला आहे. दिशा सांगण्यासाठी घड्याळाच्या तबकडीचा आधार घेतला जातो. समोर ‘बारा’, पाठीमागे ‘सहा’. त्यामुळे ‘चेक सिक्स’ म्हणजे ‘पाठीकडे लक्ष ठेव’. उंचीसाठी ‘एंजल्स’ हा शब्द असून ‘एंजल्स पंधरा’ म्हणजे पंधरा हजार फूट. ओळख न पटलेले विमान ‘बोगी’ आणि शत्रूचे म्हणून निश्चित झालेले विमान ‘बँडिट’. ‘बोगी’ या शब्दाचा मूळ अर्थ भूत किंवा बागुलबुवा. जे दिसते आहे पण काय आहे ते कळत नाही, अशा वस्तूला बागुलबुवा म्हणावे आणि ओळख पटताच त्याचा दरोडेखोर व्हावा, यातील अर्थक्रम मोठा अन्वर्थक आहे. शत्रू दृष्टीस पडला की ‘टॅली’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडमधील कोल्ह्याच्या शिकारीतील ‘टॅली-हो’ या आरोळीचे अवशिष्ट रूप होय. दारूगोळा संपल्याचे सांगणारा ‘विंचेस्टर’ हा शब्द एका बंदूकनिर्मात्या कंपनीच्या नावावरून आलेला आहे.

विमानविरोधी तोफांसाठी याच बोलीत ‘अ‍ॅक’ आणि ‘फ्लॅक’ असे दोन शब्द नांदतात. पहिला ब्रिटिश आहे. पहिल्या महायुद्धातील संदेशवाहक इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षराचा उच्चार ‘अ‍ॅक’ असा करीत. ‘विमानविरोधी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरांपासून अशा रीतीने ‘अ‍ॅक-अ‍ॅक’ झाले. दुसरा शब्द जर्मन असून तो त्याच अर्थाच्या लांबलचक सामासिक शब्दाचा संक्षेप आहे. एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन सैन्यांचे शब्द येथे एकाच वाक्यात सुखेनैव येतात. विमानांच्या नावांबाबतही हेच दिसते. ‘मेसरश्मिट १०९’ या जर्मन विमानाच्या आवृत्त्यांना ‘एमिल’, ‘फ्रिडरिश’, ‘गुस्ताव’ अशी माणसांची नावे आहेत; ती जर्मन अक्षरसंकेतांवरून पडली. अमेरिकन ‘पी-४७’ला ‘जग’ म्हणतात. ‘जगरनॉट’ या शब्दाचा हा संक्षेप, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. दुसरी व्युत्पत्ती दुधाच्या बरणीसारख्या आकाराकडे बोट दाखवते. पहिली खरी मानली, तर पुरीच्या जगन्नाथाचे नाव इंग्रजीच्या मार्गाने एका लढाऊ विमानापर्यंत पोहोचले असे म्हणावे लागेल.

‘एस’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच वृत्तपत्रांनी पराक्रमी वैमानिकाला पत्त्यांतील एक्क्याचे नाव दिले आणि पुढे पाच विमाने पाडणाऱ्याला ही संज्ञा रूढ झाली. मराठीत ‘हुकमाचा एक्का’ हा वाक्प्रचार याच रूपकावर उभा आहे. खेळातून युद्धात गेलेला हा शब्द आता पुन्हा खेळात परतला आहे.

३

दुसरा थर यंत्राचा आणि शास्त्राचा आहे. यातील मध्यवर्ती संज्ञा ‘ऊर्जा’ ही असून, तिच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर ‘ई’ एवढेच खेळाडू वापरतात. विमानाची उंची आणि वेग ही परस्परांत बदलता येणारी एकच पुंजी आहे. उंची खर्चून वेग मिळवावा, वेग खर्चून उंची गाठावी. अमेरिकन वायुदलातील जॉन बॉइड यांनी १९६० च्या दशकात या विचाराला गणिती बैठक दिली. रॉबर्ट शॉ यांच्या १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हवाई डावपेचांवरील ग्रंथात ‘ऊर्जेचे’ आणि ‘कोनांचे’ असे लढण्याचे दोन प्रकार विस्ताराने मांडलेले आहेत. खेळाडूंनी हा शास्त्रीय भेद यमकाच्या साह्याने बोलीत आणला. उंचीवरून झेप घालून मारा करायचा आणि थेट वर निघून जायचे, हे ‘बूम अँड झूम’. वळणांमागून वळणे घेत प्रतिस्पर्ध्याच्या पाठीशी लागायचे, हे ‘टर्न अँड बर्न’. शास्त्रीय परिभाषेचे बोलीत रूपांतर होताना नादाचे साहाय्य घेतले जाते, याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

संगणक आणि संदेशवहन यांच्या मर्यादांनीही शब्द दिले आहेत. जोडणी मंदावल्यामुळे पडद्यावरील विमान एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखे दिसले, की ते ‘वॉर्प’ झाले. ‘लॅग’ या एकाच शब्दाचे येथे दोन अर्थ होतात. प्रतिस्पर्ध्याच्या किंचित मागे नाक ठेवून पाठलाग करणे हे कौशल्य, आणि संदेश उशिरा पोहोचणे हा दोष. कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते केवळ संदर्भावरून ठरते. ‘वॉर थंडर’मध्ये विमान सोडून उडी मारण्यासाठी कळफलकावरील ‘जे’ हे अक्षर दाबावे लागते. त्यावरून ‘जे आउट’ असे क्रियापदच तयार झाले. मोडके विमान घेऊन झुंजत राहण्याऐवजी खेळ सोडून देणाऱ्याविषयी हे क्रियापद वापरताना त्यात नापसंतीची छटा येते. कळफलकावरील एका कळीला भित्रेपणाचा अर्थ चिकटावा, ही बाब आपल्याला तिसऱ्या थराकडे घेऊन जाते.

४

तिसरा थर निंदाव्यंजक शब्दांचा आहे आणि तोच या बोलीचा खरा स्वनिर्मित भाग होय. धावपट्टीवरून नुकत्याच उठू पाहणाऱ्या, अद्याप असहाय असलेल्या विमानांना वरून टिपणे म्हणजे ‘व्हल्च’ करणे. गिधाडवाचक इंग्रजी नामाचे शेपूट तोडून हे क्रियापद बनवलेले आहे. मराठीत ‘लाथ’ या नामापासून ‘लाथाडणे’ झाले, तसे ‘गिधाड’पासून ‘गिधाडणे’ करावे, असा हा प्रकार. दुसऱ्या कोणाशी झुंजण्यात गुंतलेल्या विमानाला बाजूने येऊन पाडणे म्हणजे ‘पिक’ करणे. मूळ क्रियापद फळे वेचण्याचे. समोरासमोर सरळ येऊन दोघांपैकी कोण आधी पडतो ते दैवावर सोडणारा मारा ‘एच-ओ’ या दोन अक्षरांनी हिणवला जातो. सदैव उंचावर राहून धोका टाळणारा ‘आल्ट मंकी’, म्हणजे उंचीवरचे माकड. ‘मस्टँग’ या वेगवान विमानातून सतत पळ काढणाऱ्यासाठी त्याच नावावर कोटी करून ‘रनस्टँग’ हा शब्द घडवलेला आहे. नवशिक्यांच्या खालच्या श्रेणीत शिरून त्यांना सहज पाडत सुटणाऱ्या निष्णात खेळाडूचे वर्तन ‘सील क्लबिंग’ या नावाने ओळखले जाते. बर्फावरील सीलच्या पिलांना दांडक्यांनी मारण्याच्या क्रूर प्रथेचे हे रूपक आहे.

हॅलिडे यांनी १९७६ मध्ये ‘प्रतिभाषा’ ही संकल्पना मांडताना कोलकात्याच्या गुन्हेगारी जगातील बोलीचे उदाहरण घेतले होते. एखाद्या गटाला जे विषय जिव्हाळ्याचे, त्या विषयांभोवती एकाच अर्थाचे अनेक शब्द दाटीने जमतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. हे निरीक्षण येथे लावून पाहिले तर या समूहाची चिंता कोठे केंद्रित झाली आहे ते कळते. जिंकण्याच्या गैर मार्गांसाठी येथे शब्दांची दाटी आहे. मात्र ‘प्रतिभाषा’ प्रस्थापित समाजापासून काही लपवू पाहते; या बोलीला लपवायचे काही नाही. आपल्याच समूहातील वर्तनाचे मोजमाप करणे हा तिचा हेतू आहे.

५

आता महत्त्वाचा प्रश्न असा, की ज्या कृत्यांची येथे निंदा होते ती प्रत्यक्ष युद्धात कशी पाहिली जात? जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने १९१६ मध्ये हवाई लढाईचे जे आठ नियम घालून दिले, त्यांत सूर्य पाठीशी ठेवावा, वरचढ स्थिती मिळाल्यावाचून हल्ला करू नये आणि कोणत्याही हल्ल्यात शत्रूच्या पाठीमागूनच यावे, असा उपदेश आहे. एका शत्रूवर अनेकांनी तुटून पडू नये, असेही त्याच्या आठव्या नियमात सांगितले आहे. परंतु तेथे कारण शक्तीचा अपव्यय टाळणे हे होते. खेळातही हा निषेध आहे, पण तेथे त्याचे कारण प्रतिष्ठा हे आहे. विधान तेच राहून त्यामागचा न्याय बदललेला आहे. धावपट्टीवरील विमाने उडण्याआधीच नष्ट करणे तर युद्धशास्त्राचा पाठच मानला गेला. ५ जून १९६७ रोजी इस्रायलने इजिप्तच्या विमानतळांवर हेच केले आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी वायुदलाने भारतीय विमानतळांवर हेच करून पाहिले. अशा कृतीला युद्धाच्या भाषेत ‘अचूक वेळ साधणे’ म्हणतात. खेळाच्या बोलीत तिला गिधाडवृत्ती म्हणतात.

हा मूल्यव्यत्यय कशामुळे घडतो? ब्योल्के स्वतः त्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९१६ रोजी, आपल्याच पथकातील विमानाशी झालेल्या टकरीनंतर मरण पावला. ज्या आकाशात मरण खरे आहे, तेथे जगून परतणे हेच मूल्य असते आणि त्यापुढे इतर शंका गौण ठरतात. ज्या आकाशात मरण खोटे आहे, तेथे जगून परतण्याला किंमत उरत नाही. किंमत उरते ती कसे जिंकलो याला. मृत्यूची जागा प्रतिष्ठा घेते. म्हणूनच युद्धातून आलेल्या पहिल्या थरातील शब्द मूल्यदृष्ट्या तटस्थ आहेत आणि खेळाडूंनी स्वतः घडवलेला तिसरा थर मूल्यभाराने ओथंबलेला आहे.

याच बोलीतील एका गौरवचिन्हाचा उल्लेख येथे केला पाहिजे. चांगल्या झुंजीनंतर पडलेला खेळाडू पाडणाऱ्याला उद्देशून ‘सॅल्यूट’ या शब्दाचे आद्याक्षर ‘एस’ आणि पुढे उद्गारचिन्ह लिहितो. निंदेसाठी डझनभर शब्द आणि गौरवासाठी एकच अक्षर, हे प्रमाण बोलके आहे.

६

तथापि या आचारधर्माला सर्वसंमत मानणे चुकीचे होईल. ‘रोप’ हा शब्द पाहावा. प्रतिस्पर्ध्याला सरळ वर चढण्याचा मोह घालायचा आणि त्याचा वेग संपून तो लटपटला की उलटून मारायचे, असा हा डाव. १९७४ मध्ये किन्शासा येथील लढतीत मुहम्मद अली यांनी जॉर्ज फोरमनला दमवण्यासाठी दोरांना टेकून राहण्याची जी युक्ती वापरली, तिच्या नावाचा हा संक्षेप होय. हा डाव साधणारा त्याला कौशल्य म्हणतो, फसलेला कित्येकदा भ्याडपणा म्हणतो. ‘बूम अँड झूम’बाबतही हाच वाद आहे. एकाची ती शिस्त, दुसऱ्याच्या लेखी ते पलायन.

मराठी वाचकाला या स्थितीचे नवल वाटू नये. ‘गनीम’ म्हणजे शत्रू, ‘कावा’ म्हणजे कपट. शब्दशः पाहता ‘गनिमी कावा’ हे दूषणच आहे. तरीही तो समास मराठीत अभिमानाचा शब्द झाला, कारण तो उच्चारणाऱ्याची जागा बदलली. हल्ला करून निसटण्याच्या डावाला पाठलाग करणारा जे म्हणतो आणि निसटणारा जे म्हणतो, त्यांतील अंतर हे शब्दार्थाचे नसून भूमिकेचे असते.

७

वरील विवेचनावरून गटबोलीच्या अभ्यासाविषयी एक पद्धतिविषयक निष्कर्ष काढता येतो. केवळ शब्दांची यादी आणि व्युत्पत्ती दिल्याने बोलीचे वर्णन पुरे होत नाही. कोणता शब्द उसना घेतला आणि कोणता स्वतः घडवावा लागला, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. उसन्या शब्दांतून समूहाचा वारसा कळतो, घडवलेल्या शब्दांतून त्याची गरज कळते. हवाई युद्धखेळांच्या खेळाडूंना शत्रू, दिशा, उंची, शस्त्र यांसाठी शब्द घडवावे लागले नाहीत. ते युद्धाने आयते दिले होते. त्यांना घडवावे लागले ते ‘हे करू नये’ असे सांगणारे शब्द, कारण युद्धाच्या कोशात ते नव्हते.

मारण्याचा खेळ खेळणाऱ्यांनी मारण्याच्या रीतीला मर्यादा घालणारी भाषा आपणहून निर्माण करावी, यात विसंगती दिसते. परंतु ती विसंगती नव्हे. शिक्षेचा अधिकार नसलेल्या समूहाजवळ नाव ठेवण्याचा अधिकार तेवढा असतो. मराठीतील ‘नाव ठेवणे’ या वाक्प्रचारात नामकरण आणि निंदा हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले आहेत. या बोलीच्या तिसऱ्या थरातील प्रत्येक शब्द ही दोन्ही कामे एकाच वेळी करतो.