मायलेज : दौंडच्या रुळांपासून युरोपच्या आकाशापर्यंत

१९८१ साली मैल मोजण्याचे दोन नवे हिशेब सुरू झाले. १ मे रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने ‘अॅडव्हांटेज’ नावाची योजना आणली. प्रवासी जितके मैल उडेल तितके मैल त्याच्या खात्यात जमा होणार आणि पुरेसे साठले की त्याला एक तिकीट फुकट मिळणार. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून भारतीय रेल्वेत गाडी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या रनिंग भत्त्याचे नवे नियम लागू झाले. पहिली बातमी तेव्हा दौंडला कुणाच्या कानावर आली असण्याचं कारण नव्हतं. दुसरी मात्र इथल्या रेल्वे वसाहतीत घरोघरी चर्चिली गेली, कारण ती थेट चुलीशी जोडलेली होती. पुढच्या चार दशकांत या दोन्ही हिशेबांचं काय झालं, हे शेजारी ठेवून पाहिलं की बरंच काही उमगतं.

दौंड हे गाव रेल्वेनं वाढवलेलं. १८५८च्या डिसेंबरात पुण्याहून डिकसळपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला तो दौंडवरून. १८७८मध्ये मनमाडकडे जाणारा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. १९१४मध्ये बारामतीची नॅरोगेज गाडी आली. जंक्शन म्हटलं की ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, शंटर आलेच. त्यांच्या कुटुंबांनी गावाची वस्ती घडवली. अशा घरांत ‘या महिन्यात मायलेज किती झालं?’ हा प्रश्न किराण्याच्या यादीआधी विचारला जाई. पगाराचा एक मोठा हिस्सा चाललेल्या अंतरावर ठरत असे. आज ड्रायव्हरला लोको पायलट म्हणतात, २०२२पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणू लागले, मैलांची जागा किलोमीटरनं घेतली. पण पद्धत तीच आहे. मूळ वेतनाच्या तीस टक्के इतका भाग या रनिंग भत्त्यापोटी वेतनच मानला जातो आणि निवृत्तीच्या लाभांसाठी पंचावन्न टक्के धरला जातो. म्हणजे आयुष्यभर धावलेलं अंतर म्हातारपणीही माणसाला साथ देतं.

या नियमांतली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. यार्डात शंटिंग करणाऱ्या माणसाचं इंजिन दिवसभर पुढे-मागे होत राहतं. श्रम, जोखीम आणि जागरण पूर्ण, पण अंतर मोजायला गेलं तर हाती काही येत नाही. निव्वळ किलोमीटर मोजले असते तर त्याच्यावर अन्याय झाला असता. म्हणून आठ तासांच्या शंटिंगला १२० किलोमीटर धरायचे असं ठरलं. गाडीऐवजी दुसऱ्या कामावर पाठवलेल्या कर्मचाऱ्यालाही दिवसाला १६० किलोमीटर धरून मोबदला मिळतो. अंतराचं माप वापरायचं, पण छोटं अंतर कापणाऱ्याला त्या मापाचा फटका बसू द्यायचा नाही, असा त्यामागचा विचार आहे.

विमान कंपन्यांपुढेही नेमका हाच प्रश्न आला होता. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने भाडी आणि मार्ग यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. एकाच मार्गावर अनेक कंपन्या स्वस्त तिकिटं विकू लागल्या आणि जुना गिऱ्हाईक टिकवणं अवघड झालं. अमेरिकन एअरलाइन्सकडे ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण व्यवस्था होती. तिच्यात पुन्हा पुन्हा दिसणारे फोन क्रमांक शोधून कंपनीने आपले नेहमीचे प्रवासी हुडकले आणि त्यांना योजनेत घेतलं. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना जाहीर केली, बाकीच्याही मागोमाग आल्या. आता आठवड्यातून दोनदा जवळच्या शहरात कामासाठी जाणारा व्यापारी हा कंपनीचा सर्वांत भरवशाचा गिऱ्हाईक. पण त्याचे मैल थोडे. त्याची नाराजी नको म्हणून अनेक योजनांत किमान ५०० मैलांचा नियम आला. प्रवास दोनशे मैलांचा असला तरी खात्यात पाचशे जमा. काही कंपन्यांनी मैलांऐवजी फेऱ्या मोजण्याचीही सोय केली. वर्षाला २५,००० मैल किंवा ३० फेऱ्या झाल्या की योजनेतला पहिला मानाचा दर्जा मिळायचा.

युरोपात या नियमांना सुपीक जमीन मिळाली. तिथे राजधान्याच एकमेकींच्या उशापायथ्याशी आहेत. लंडन ते अॅमस्टरडॅम हवाई अंतर जेमतेम २३० मैल, लंडन ते पॅरिस त्याहून कमी. १९९३पासून युरोपीय संघातल्या कंपन्यांना आपसातल्या मार्गांवर मुक्तपणे उडता येऊ लागलं आणि भाडी उतरली. त्याच वर्षी लुफ्तान्साने ‘माइल्स अँड मोअर’ सुरू केलं. त्यात युरोपातल्या फेऱ्यांना अंतर न पाहता तिकिटाच्या वर्गानुसार ठरावीक मैल मिळत. १९९७मध्ये स्टार अलायन्स आणि १९९९मध्ये वनवर्ल्ड हे विमान कंपन्यांचे संघ झाले. एका कंपनीच्या खात्यातले मैल दुसऱ्या कंपनीच्या विमानातून कमावता येऊ लागले. स्वस्त भाडं, थोडं अंतर आणि किमान मैलांची हमी, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. मग असा प्रवासी तयार झाला, जो सकाळी एका शहरात उतरून दुपारच्या विमानाने परत फिरायचा. गावात त्याचं काम नसे. काम होतं ते खात्यात.

ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत मैलांबरोबर टियर पॉइंट असत आणि दर्जा त्यांच्यावर ठरे. ६०० पॉइंट झाले की सिल्व्हर. लंडनहून बल्गेरियातल्या सोफियाला बिझनेस वर्गाने गेलं की एका बाजूचे ८० पॉइंट मिळत. तो युरोपातल्या युरोपातला प्रवास, म्हणून भाडं लांब पल्ल्याच्या मानाने कितीतरी कमी. चार वेळा जाऊन आलं की ६४० झाले. सोफिया हे नाव या प्रवाशांच्या तोंडी बसलं ते असं.

हे कोण करत होतं, हे पाहणं महत्त्वाचं आहे. ज्याची कंपनी त्याला महागड्या वर्गाने जगभर फिरवते, त्याला अशा फेऱ्यांची गरज नव्हती. गरज होती ती मधल्या माणसाला. परदेशी नोकरी करणारी मराठी कुटुंबं याच मधल्या वर्गातली. वर्षातून एकदा मुंबईला साध्या वर्गाने यायचं, मुलं बरोबर, बॅगा भरलेल्या. दर्जा असला की जादा सामान चालतं, रांग छोटी होते, मधल्या विमानतळावरच्या पाच-सहा तासांत लहान मुलाला लाउंजमध्ये झोपवता येतं. येताना नातलगांसाठी काही आणता येतं, जाताना गोडा मसाला, पापड, कुरडया नेता येतात. मायदेशच्या एका फेरीतून दर्जाला थोडे मैल कमी पडले, तर वर्ष संपण्याआधी एखाद्या शनिवारी-रविवारी जवळची फेरी करून ते भरून काढायचे. अशा माणसाला मी लोभी म्हणणार नाही. कंपनीने नियम छापले होते आणि त्याने ते नीट वाचले होते.

पुणे जिल्ह्यालाही हे जग परकं राहिलं नाही. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, तिथे फियाटचा मोटारींचा कारखाना आला आणि इटलीतल्या तुरीनशी कामाचं नातं जुळलं. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आले. २००८मध्ये लुफ्तान्साने पुण्याहून थेट फ्रँकफर्टला विमान सुरू केलं. रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मुलांची पिढी अभियंता होऊन प्रवासाला लागली, तेव्हा मायलेज ही गोष्ट तिला नव्याने शिकवावी लागली नाही. अंतराला किंमत असते हे तिने घरीच पाहिलं होतं.

भारतात एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्सची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ १९९४मध्ये आली. जेट एअरवेजची ‘जेटप्रिव्हिलेज’ लोकांच्या आवडीची होती. पण आपल्याकडे या मैलांनी कडू धडाही दिला. २०१२च्या ऑक्टोबरात किंगफिशरची विमानं जमिनीवर आली आणि प्रवाशांनी जमवलेल्या मैलांना वाली उरला नाही. १७ एप्रिल २०१९ला जेटचं शेवटचं विमान उडालं. तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीत असल्याने ‘इंटरमाइल्स’ या नावाने तगली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते मैल साठवले होते ती विमानंच उरली नव्हती. मैल ही प्रवाशाच्या नावावरची ठेव वाटते, पण तिच्या पाठीशी कोणतीही हमी नसते.

याहून मोठा दोष हवेत सांडत होता. विमान सर्वाधिक इंधन जाळतं ते जमीन सोडून उंची गाठताना. त्यामुळे छोट्या फेरीत दर किलोमीटरमागे होणारा धूर जास्त. गरज नसताना केलेली छोटी फेरी म्हणजे त्यातली सर्वांत वाया गेलेली फेरी. २०१९मध्ये ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी लिहिलेल्या एका अहवालाने अशा योजनांवर बंदीच सुचवली. कंपन्याही मोजमापाच्या याच फासात अडकल्या होत्या. युरोपातल्या गजबजलेल्या विमानतळांवर उतरण्याच्या मिळालेल्या वेळा राखायच्या तर त्यातल्या ८० टक्के वापराव्याच लागत. कोविडच्या काळात हा नियम आधी स्थगित झाला, मग सौम्य करून परत आला. तरीही २०२१-२२च्या हिवाळ्यात केवळ वेळा टिकवण्यासाठी सुमारे १८,००० अनावश्यक फेऱ्या कराव्या लागतील, असं लुफ्तान्सानेच सांगितलं.

अखेर माप बदललं. मात्र धुराच्या काळजीनं बदललं नाही. २०१५मध्ये डेल्टा आणि युनायटेडने, २०१६मध्ये अमेरिकनने अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीवर मैल द्यायला सुरुवात केली. २०१८मध्ये लुफ्तान्साच्या योजनेतले बक्षिसाचे मैलही भाड्यावर ठरू लागले. एअर इंडियाने २०२४मध्ये हीच वाट धरली, आणि त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात विलीन झाली तेव्हा दोन्ही योजना मिळून ‘महाराजा क्लब’ झाला. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५पासून एका पौंडाला एक टियर पॉइंट असा हिशेब लावला. सिल्व्हरसाठी आता ७,५०० पॉइंट लागतात. सोफियाच्या चार फेऱ्या आता त्याच्या जवळपासही नेत नाहीत.

या बदलाने बिनकामाच्या फेऱ्या कमी झाल्या, त्याचं मला मनापासून समाधान आहे. पण त्याबरोबर साध्या वर्गाने वर्षानुवर्षं त्याच कंपनीने प्रवास करणारा माणूसही यादीतून खाली घसरला, याचं वाईट वाटतं. आठ तास अवघडून बसणाऱ्याचा आणि पाय पसरून झोपणाऱ्याचा मैल पूर्वी बऱ्याच अंशी एका मापाने मोजला जात होता. महाग वर्गाला तेव्हाही जादा मिळे, पण पाया अंतराचा होता. आता तो निव्वळ पैशाचा आहे. मग ‘वारंवार प्रवास करणारा’ हे नाव तरी कशाला ठेवायचं?

आणि इथे दौंडचा हिशेब आठवावासा वाटतो. १९८१पासून दोन्हीकडे अंतर मोजलं गेलं, दोन्हीकडे छोट्या अंतराला किमान आकड्याचं संरक्षण मिळालं. आकाशात त्याचा खेळ झाला, रुळांवर झाला नाही. कारण लोको पायलट आपल्या मर्जीने मायलेजसाठी गाडी काढू शकत नाही. त्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे डब्यांत बसलेली माणसं असतात किंवा वाघिणींत भरलेला माल असतो. तिथे मोबदला कुणाच्या तरी गरजेला बांधलेला आहे. विमानातल्या मैलाला ते बंधन नव्हतं. अंतराचं माप खोटं नव्हतं. ते गरजेपासून तुटलं आणि फसलं.

युरोपात आता काही पावलं योग्य दिशेने पडत आहेत. अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येईल अशा काही देशांतर्गत विमानफेऱ्या फ्रान्सने २०२३मध्ये बंद केल्या. २०२२च्या ऑगस्टपासून जर्मन रेल्वे स्टार अलायन्सची भागीदार झाली आणि विमान प्रवासाला जोडलेल्या रेल्वे टप्प्याचेही मैल मिळू लागले. छोट्या अंतराला बक्षीस द्यायचंच असेल, तर ते रुळांवरच्या अंतराला द्यावं. आपल्याकडेही याची बीजं आहेत. पुणे-दौंड हे ७५ किलोमीटरचं अंतर मासिक पास काढून रोज कापणारे हजारो नोकरदार, विद्यार्थी आणि विक्रेते हेच या भागातले खरे वारंवार प्रवासी. २०१७मध्ये त्यांना डेमू गाडी मिळाली. दौंडला उपनगरी दर्जा मिळावा ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. त्यांच्या निष्ठेला लाउंज नको. त्यांना वेळेवर धावणाऱ्या आणखी गाड्या हव्यात, पुरेसे डबे हवेत आणि ज्या अंतरावर त्यांचं आयुष्य उभं आहे त्या अंतराची कदर हवी. प्रवाशाचा मान त्याच्या गरजेवरून आणि सातत्यावरून ठरवणारा हिशेब रेल्वेला मांडता येण्यासारखा आहे, आणि तो तिनेच मांडायला हवा.