माहिती चौकट : नामदेव पायरी आणि नेतृत्वाची नीती

परभणी जिल्ह्यात 1999 पर्यंत, म्हणजे हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत, संत नामदेवांचे (1270–1350) जन्मगाव मानले जाणारे नरसी होते. शिंपी समाजातील नामदेवांनी वारकरी संतमेळ्याला दिलेले नेतृत्व पद किंवा कुळावर नव्हे, तर आचरणावर उभे होते. मंगळवेढ्याला वेशीचे काम करताना भिंत कोसळून संत चोखामेळा इतर मजुरांसह गाडले गेले, तेव्हा नामदेवांनी स्वतः त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या आणि विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी दिली, असे परंपरा सांगते; ज्यांना मंदिरप्रवेश नाकारला गेला, त्यांच्यासाठी केलेली ही कृती कोणत्याही उपदेशापेक्षा मोलाची आहे. गंगाखेडची जनाबाई त्यांच्या घरी दासी असूनही तिची अभंगरचना संतवाङ्मयात मानाने टिकली. हीच नीती वारीतही दिसते: दिंडीत वीणा धरणारा विणेकरी प्रमुख मानला जातो, तरी वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात लहानथोर पाहिले जात नाही. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असून, पंढरपूरच्या मंदिराची पहिली पायरी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.