झीरो तपासला का?

'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य आपण शाळेत निबंधात लिहून मोकळे होतो. मला त्याचा अर्थ कळला तो सुट्टीतल्या ट्रेनिंगमध्ये, अंबडच्या एका कारखान्यात.

काम साधं होतं. लेथवरच्या पिनांचा व्यास मायक्रोमीटरनं मोजायचा. माझ्या मापावरून ऑपरेटर मशीन सेट करायचा. दहा नग २५.०० मिमी आले. मग सहज दुसऱ्या मायक्रोमीटरनं एक पिन मोजली, तर २४.९५! पोटात गोळा आला. पण विचारलं तर सगळे हसतील, म्हणून गप्प बसलो.

चाळीस नग झाल्यावर सुपरवायझरनं पकडलं. माझा मायक्रोमीटर पूर्ण बंद केला तरी ०.०५ दाखवत होता. झीरो एरर! पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये मीच लिहिलेली. जाड पिन पुन्हा घासता येते, बारीक झालेली थेट भंगारात जाते.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पहिले दहा नग चुकीमुळे गेले. पुढचे तीस तुझ्या गप्प बसण्यामुळे." मग रजिस्टरमध्ये कारण लिहायला लावलं. मी 'दुर्लक्ष झाले' लिहिलं, ते त्यांनी खोडलं. "यातून उद्या येणारा मुलगा काय शिकेल?" शेवटी लिहिलं, 'शिफ्टच्या सुरुवातीला झीरो तपासला नव्हता.' दुसऱ्या दिवशी मशीनशेजारी तशी सूचना चिकटली.

मोठ्या चुकांचंही असंच असतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. विसर्गाच्या दारांचं काम अपुरं असतानाच पाणी साठवलं गेलं होतं. त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ बुडाला. आज राज्यातल्या धरणांच्या तपासणीवर लक्ष ठेवणारी धरण सुरक्षितता संघटना आपल्या नाशिकमध्येच आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा धरणांची पाहणी होते. २०२१ मध्ये तर देशभरासाठी धरण सुरक्षा कायदा झाला. सूत्र तेच : भेग छोटी असतानाच कागदावर आली पाहिजे.

आणि आपण? प्रॅक्टिकलचं रीडिंग ग्राफवर बसलं नाही की रूमवर येऊन ते 'बसवतो'. मीही बसवलंय. पण न बसलेला तो एक बिंदूच कदाचित काहीतरी सांगत असतो. यापुढे तो खोडण्याआधी एकदा विचारा, झीरो तपासला का?