इंजिन तापले की आधी पाण्याचा रस्ता पाहा

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने मचव्याच्या इंजिनावर लिहावे, याचे काही वाचक बंधूंना नवल वाटेल. परंतु मुरुडपासून रत्नागिरीपर्यंत आमच्या कितीतरी दुकानदार बांधवांची रक्कम मासेमारीच्या होड्यांत लागलेली आहे. रक्कम एकाची, मेहनत दुसऱ्याची, अशी ही मुदारबतच्या रीतीची भागीदारी. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा. तोटा आला तर रक्कमवाल्याची रक्कम जाते आणि मेहनतवाल्याची मेहनत. मात्र मेहनतवाल्याच्या गफलतीने नुकसान झाले असेल, तर भरपाई त्याने करायची. (मसल्याचे बारकावे उलेमांनाच विचारावेत, आम्ही व्यापारी माणूस.) त्यामुळे इंजिन तापले की प्रश्न नुसत्या लोखंडाचा राहत नाही. गफलत कुणाची, हा प्रश्न उभा राहतो आणि त्यात नाती तुटतात. आमचे तुटता तुटता राहिले.

२०२३ च्या ऑक्टोबरातील गोष्ट. आमचा मचवा मिरकरवाड्याहून निघाला. तीन तासांनी नेहमी ८० अंशांवर राहणारा काटा १०० कडे सरकला. तांडेल आमचे दूरच्या नात्यातले मामू. त्यांनी वेग कमी केला, काटा थोडा उतरला. वेग वाढवला की पुन्हा वर. शेवटी इंजिन बंद करून त्यांनी शीड चढवले. आमच्या मचव्यावर अजून एक लहान शीड ठेवलेले आहे, लोक त्याला हसतात. त्या दिवशी दुपारचा वारा समुद्राकडून होता, त्याच शिडावर मचवा अल्लाहच्या कृपेने बंदरात आला.

बंदरावरच्या मिस्त्रीने काटा ऐकला, इंजिन पाहिले नाही, आणि सांगितले, "हेडचे गॅस्केट गेले." हेड उघडले. गॅस्केट शाबूत होते, पण उघडल्यावर नवीन टाकावेच लागते. मजुरी, सामान आणि बुडालेले आठ दिवस धरून पन्नास हजारांच्या वर हिशेब गेला. पुढच्याच फेरीला काटा पुन्हा १०० वर. आता आमच्या मनात शैतानाने वसवसा घातला. आम्ही फोनवर म्हणालो, "मामू, इंजिन रेमटवता का तुम्ही?" ते एवढेच बोलले, "भाई, तुम्ही येऊन बघा."

आम्ही गेलो. सोबत मोहल्ल्यातील एक बुजुर्ग आले, ज्यांनी उमर व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, "पाणी येते कुठून आणि जाते कुठे?"

येथे वाचकांनी रचना समजून घ्यावी. आमच्यासारख्या इंजिनात दोन पाणी असतात. एक गोडे पाणी, जे इंजिनाच्या आतच फिरते. दुसरे समुद्राचे. ते तळाच्या कॉकमधून येते, गाळणीतून पंपात जाते, पंप ते कूलरच्या बारीक नळ्यांतून ढकलतो आणि बाजूच्या नळीने ते बाहेर पडते. कूलरमध्ये खारे पाणी गोड्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. काही जुन्या इंजिनांत खारे पाणीच थेट आत फिरवतात. ती इंजिने ५०-६० अंशांवरच चालवायची असतात, कारण त्यापुढे क्षार भिंतीला धरू लागतात.

म्हणून पहिली नजर बाहेरच्या नळीवर. पाणी बारीक पडत असेल तर दोष समुद्राच्या बाजूला. पाणी भरपूर पडते आणि तरी काटा चढतो, तर बहुधा दोष इंजिनाच्या आत. एवढ्या एका गोष्टीने निम्मे काम होते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आमच्या नळीचे पाणी बारीक होते. बुजुर्गांनी कॉक पाहिला, पूर्ण उघडा. कॉकच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बसते, हा आजकालचा मोठा रोग. त्याची खूण अशी की इंजिन बंद केल्यावर पिशवी गळून पडते आणि पुन्हा चालू केल्यावर थोडा वेळ सर्व ठीक वाटते. आमचे तसे नव्हते. गाळणी स्वच्छ, तिच्या झाकणाचा रबरी वायसर घट्ट. होज पाईपच्या क्लिपा आवळलेल्या. त्या ढिल्या असल्या तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, आणि बाहेर पाणी गळत नसल्याने कुणाला कळत नाही. मग पंपाचे झाकण काढले. आत रबराचा इम्पेलर, म्हणजे छोटा पंखा. सहा पाती, सहाही नवीकोरी.

आम्ही म्हणालो, चला, पंप तर ठीक आहे. बुजुर्ग म्हणाले, "हा नवा आहे. जुना कुठे आहे?"

जुना आमच्याच दुकानात होता! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मचवा किनाऱ्यावर होता आणि इम्पेलर पंपात एकाच जागी दबून राहिला. अशी दबलेली पाती वाकडी होतात, त्यांना चिरा पडतात. ऑगस्टमध्ये इंजिन चालू करताच ती तुटली. मामूंनी फोन केला तेव्हा आम्हीच घाई केली, "नवा टाका आणि निघा, मोसम जातो आहे." जुना त्यांनी नमुना म्हणून आमच्याकडे पाठवला, तसाच एक जास्तीचा घेण्यासाठी. तो गल्ल्याच्या खणात पडला होता. आम्ही मुलाला फोन करून पाती मोजायला सांगितली. चारच निघाली.

उरलेली दोन कुठे गेली असतील? बुजुर्गांनी कूलरचे बाजूचे झाकण उघडायला लावले. नळ्यांच्या तोंडावर रबराचे तुकडे आडवे बसलेले, आणि त्यांच्या मागे दोन महिन्यांचा गाळ व शेवाळ साठून जवळजवळ निम्म्या नळ्या बंद. म्हणूनच हळू चालवले तर काटा खाली आणि जोर दिला की वर. मामूंनी हे लक्षण पहिल्याच दिवशी सांगितले होते, आम्ही ऐकले नव्हते. तासाभरात तुकडे काढून नळ्या साफ झाल्या. खर्च एका पॅकिंगचा.

पाणी नीट पडत असून इंजिन तापत असेल, तरीही हेडला शेवटी हात लावावा. आधी गोड्या पाण्याची पातळी पाहावी, पण तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. वाफेने हात-तोंड भाजते. थंड होऊ द्यावे. तापलेल्यात थंड पाणी ओतले तर हेडला तडा जातो. पट्टा ढिला आहे काय ते पाहावे. थर्मोस्टॅट काढून भांड्यात पाण्याबरोबर चुलीवर ठेवावा. त्यावर लिहिलेल्या अंशाजवळ तो उघडला नाही तर बाद. पंख्यात जाळ्याचा दोर गुंतला किंवा तळाला शिंपले धरले, तरी इंजिनावर भार येतो आणि काळा धूर निघतो. आणि काटाच खोटा बोलत नाही ना, हे दुसऱ्या थर्मामीटरने पडताळावे. गॅस्केटची शंका खरी केव्हा? इंजिन थंड असताना झाकण काढून चालू केले आणि पाण्यात सतत बुडबुडे आले तर. किंवा ऑइल दुधाच्या चहासारखे झाले तर. आमच्या मिस्त्रीने यातले काहीही पाहिले नव्हते, आणि आम्हीही त्याला विचारले नाही. ठाणातला एक धागा सुटलेला आम्ही दहा हातांवरून ओळखतो, तेथे मात्र पन्नास हजार डोळे मिटून दिले.

आता मे अखेरीस इम्पेलर काढून ठेवतो. बसवताना साबणाचे पाणी लावतो, ग्रीस नाही, कारण ग्रीसने बहुतेक रबर फुगते. कोरड्या पंपाने इंजिन मिनिटभरही चालवू देत नाही. एक इम्पेलर नेहमी मचव्यावर जास्तीचा असतो. आणि तुटलेला निघाला की पाती मोजल्याशिवाय मचवा निघत नाही.

हिशेबाचे म्हणाल तर मामूंच्या नावावर आम्ही कच्च्या वहीत निम्मी रक्कम टाकून ठेवली होती. ती त्यांच्यासमोर खोडली आणि पूर्ण नुकसान आमच्या खात्यावर घेतले. त्यांनी वही पाहिली, माफ केले असे म्हणाले, पण त्या दिवशी आमच्याबरोबर जेवले नाहीत. पुढच्या जुम्म्याला मात्र स्वतः बोलावून घेऊन गेले.