तीन फेजांवर वेल्डिंगचा भार

गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात दिसणारे साधे ट्रान्सफॉर्मरचे वेल्डिंग मशीन दोनच तारांवर चालते. दुकानाला येणारी वीज मात्र तीन फेजची असते. त्यात लाल, पिवळा आणि निळा असे तीन फेज असतात आणि चौथी न्यूट्रलची तार. यातल्या कोणत्या दोन तारांना मशीन जोडायचे आणि दुसरे-तिसरे मशीन आले की ते कुठे जोडायचे, हा प्रश्न दुकानाच्या मीटरपाशी संपत नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीची मोटर किती तापेल, आळीतले दिवे किती लुकलुकतील, हेही त्यावरच ठरते.

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातले भीमेकाठच्या ऊसपट्ट्यातले गाव. नदीपलीकडे दौंड तालुका. अशा भागात वेल्डरला वर्षभर काम असते आणि गळीत हंगामाच्या तोंडावर ते एकदम वाढते. उसाच्या ट्रॉल्यांचे फाळके, टायरगाडीचे साटे, नांगर, कांदाचाळीचे अँगल, गोठ्याची शेड असे सगळे एकाच वेळी दारात येते. एका मशीनवर भागत नाही म्हणून दुसरे आणि तिसरे आणले जाते. भाराचे वाटप नीट नसेल तर त्याचा त्रास याच दिवसांत सर्वांत जास्त जाणवतो.

आधी एक मशीन किती वीज ओढते ते पाहू. दहा गेजच्या, म्हणजे 3.15 मिलिमीटरच्या रॉडला साधारण 120 अँपिअर लागतात. आर्क पेटलेला असताना रॉड आणि जॉब यांच्यात जेमतेम 25 व्होल्ट असतात. म्हणजे लोखंड वितळवण्याच्या कामी येणारी शक्ती 3 किलोवॅटच्या आसपास. पण आर्क पेटायचा तर मशीनला 70 व्होल्टच्या घरात दाब तयार ठेवावा लागतो. पेटल्यावर प्रवाह भडकू नये म्हणून मशीनची चुंबकीय रचनाच जास्तीचा दाब अडवून धरते. त्यामुळे डीपीवर, म्हणजे गावातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरवर, भार पडतो तो 3 किलोवॅटचा नव्हे, तर 70 गुणिले 120, म्हणजे सुमारे 8.4 केव्हीएचा. मशीनमधली हानी धरली तरी खरी शक्ती 3.4 किलोवॅटच्या पुढे जात नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे खऱ्या शक्तीचे एकूण ओढीशी प्रमाण, 0.4 इतका खाली असतो तो यामुळे. असे मशीन दोन फेजांमध्ये, 415 व्होल्टवर जोडले तर ते 20 अँपिअर घेते. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये, 240 व्होल्टवर जोडले तर 35.

हे 35 अँपिअर म्हणजे किती? 25 केव्हीएच्या छोट्या डीपीची प्रत्येक फेजची पूर्ण क्षमता जवळजवळ तेवढीच असते. म्हणजे दहा गेजचा रॉड लावलेले एकच मशीन फेज-न्यूट्रलवर चालले की त्या डीपीचा एक फेज पूर्ण भरतो आणि बाकीचे दोन रिकामे राहतात. महाराष्ट्रात सिंगल फेजची जोडणी 40 अँपिअरपर्यंतच्या भारासाठीच दिली जाते, हेही इथे लक्षात ठेवण्याजोगे. मशीनवर 240 आणि 415 अशा दोन्ही जोडण्या असतील आणि दुकानात तीन फेजचे मीटर असेल, तर 415 ची जोडणीच योग्य. प्रवाह कमी होतो आणि न्यूट्रलवर मशीनचा काहीच भार येत नाही.

आता तीन मशीनची वाटणी. पहिले लाल-पिवळ्यावर, दुसरे पिवळ्या-निळ्यावर, तिसरे निळ्या-लालवर ही पद्धत वायरमनला पाठ असते. पण आकडे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ पूर्ण उलगडत नाही. एकटे पहिले मशीन चालू असेल तर लाल आणि पिवळ्यात 20-20 अँपिअर वाहतात, निळा रिकामा. पहिले आणि दुसरे दोन्ही चालू झाली की पिवळा दोघांनाही सामाईक. तिथे 20 आणि 20 मिळून 40 होत नाहीत, कारण दोन्ही प्रवाह एका तालात नसतात. ते 35 होतात, वीसच्या 1.73 पट. लाल आणि निळ्यात मात्र वीसच. तिन्ही एकदम पेटली की प्रत्येक फेजवर 35 अँपिअर आणि समतोल पुरा. तिघांचा मिळून भार सुमारे 25 केव्हीए, म्हणजे 25 केव्हीएचा डीपी या एकाच दुकानाने भरला. मशीन जास्त आहेत म्हणून 63 किंवा 100 केव्हीएच्या डीपीवरची जोडणी मागणे हा म्हणूनच हौसेचा भाग नाही.

हिशेब बरोबर आहे, पण तो तिन्ही आर्क एकाच क्षणी पेटलेले असतील तेव्हाचा आहे. वेल्डर सलग वेल्डिंग करत नाही. तो जॉब बसवतो, रॉड बदलतो, खपली ठोकून काढतो, गुनिया लावून पाहतो. प्रत्येक मशीनचा आर्क एक तृतीयांश वेळ पेटलेला असतो आणि तिघे आपापल्या तालाने काम करतात असे धरू. मग तिन्ही आर्क एकदम पेटलेले असण्याची वेळ येते शंभरात चार क्षण. सुमारे 30 क्षण सगळेच थांबलेले. उरलेल्या 66 क्षणांत एक किंवा दोनच आर्क पेटलेले, म्हणजे भार असमतोल. मशीनची संख्या समान वाटली म्हणून समतोल साधला, ही समजूत इथे मोडते. वाटणी करायलाच हवी, कारण तिच्यामुळे दिवसभराची सरासरी सुधारते आणि एकच फेज सतत तापत नाही. पण क्षणाक्षणाचा असमतोल वाटणीने जात नाही. तो कमी करायचा तर प्रत्येक मशीनची ओढच कमी करावी लागते.

असमतोलाची सर्वांत मोठी किंमत मोजते ती तीन फेजची मोटर. समजा तीन फेजांमधले दाब 410, 400 आणि 390 व्होल्ट मोजले. सरासरी 400, तिच्यापासून जास्तीत जास्त फरक 10, म्हणजे असमतोल अडीच टक्के. ऐकायला किरकोळ. पण मोटरच्या वाइंडिंगमधला प्रवाहाचा असमतोल दाबाच्या असमतोलाच्या सहा ते दहा पट होऊ शकतो, आणि तापमानातली वाढ ढोबळ नियमाने असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट टक्के असते. अडीच टक्क्यांना साडेबारा टक्के, साडेतीन टक्क्यांना जवळजवळ 25. गिरणीची मोटर वारंवार जळत असेल तर बेअरिंग आणि वाइंडिंग करणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी तिन्ही दाब मोजून पाहणे शहाणपणाचे.

तारांमधली हानी हा दुसरा भाग. तीन फेजांवर समान वाटलेला भार सगळाच्या सगळा एका फेजवर टाकला आणि न्यूट्रल फेजइतकीच जाड असली, तर तारांत उष्णता होऊन वाया जाणारी वीज सहापट होते. त्याहून गंभीर धोका न्यूट्रल तुटण्याचा. फेज-न्यूट्रलवर जड मशीन चालले की न्यूट्रलचा ढिला जोड तापतो, काळा पडतो आणि एक दिवस सुटतो. मग ज्या फेजवर भार कमी त्या फेजवरच्या घरांत दाब 240 वरून थेट 415 च्या दिशेने चढतो. टीव्ही, फ्रिज आणि पंखे जळतात ते अशा वेळी. डीपीचा न्यूट्रल दोन स्वतंत्र ठिकाणी अर्थ केलेला असावा हा नियम त्यासाठीच आहे.

सिंगल फेजचा भार तीन फेजांवर वाटण्याचा हाच प्रश्न रेल्वेलाही सोडवावा लागला. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. डीसी तयार करताना उपकेंद्र तिन्ही फेजांतून सारखी वीज घेते, त्यामुळे असमतोल उद्भवत नव्हता. आता दौंडवरून जाणाऱ्या विद्युत मार्गावर 25 हजार व्होल्ट एसी आहे आणि तो सिंगल फेजचा आहे. रेल्वेचे उपकेंद्र उच्चदाब वाहिनीच्या दोनच फेजांतून वीज घेते. पुढचे उपकेंद्र दुसरी जोडी घेते, त्यापुढचे तिसरी. दोन उपकेंद्रांच्या तारा एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये न्यूट्रल सेक्शनचा निर्वीज तुकडा असतो. दुकानातल्या तीन मशीनची जी वाटणी, तीच इथे कित्येक किलोमीटरवर पसरलेली दिसते.

दुकानात करण्याजोगा पहिला उपाय कपॅसिटरचा. वरच्या उदाहरणातल्या मशीनला 4 केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर 8.4 केव्हीएची ओढ सुमारे 5 केव्हीएवर येते आणि 20 अँपिअरचे 12 होतात. मात्र तो मशीनच्याच दोन तारांवर, मशीनच्याच स्विचमागे हवा. मीटरजवळ बसवलेली तीन फेजची कपॅसिटर बँक बिलातला पॉवर फॅक्टर सुधारते, असमतोल नाही, कारण ती तिन्ही फेजांवर सारखाच परिणाम करते. कपॅसिटर आणि चोक उरलेल्या दोन जोड्यांवर लावून सिंगल फेजचा भार पूर्ण समतोल करण्याची युक्तीही आहे, पण ती भट्टीसारख्या स्थिर भारासाठी. क्षणोक्षणी तुटणाऱ्या आर्कला ती लागू पडत नाही.

तीन फेजचे रेक्टिफायर किंवा इन्व्हर्टर मशीन हा सर्वांत स्वच्छ मार्ग. एकच आर्क पेटला तरी भार तिन्ही फेजांवर पडतो. सिंगल फेजची छोटी इन्व्हर्टर मशीन आता खेडोपाडी पोचली आहेत आणि त्यांची ओढ जुन्या मशीनपेक्षा बरीच कमी, ही चांगलीच गोष्ट. पण त्यांचा प्रवाह गुळगुळीत लहरीसारखा नसतो, तुकड्यातुकड्याने ओढला जातो. त्यातले तिसरे हार्मोनिक तीन फेजांवर वाटूनही रद्द होत नाहीत, न्यूट्रलमध्ये एकत्र जमतात. अशी तीन मशीन तीन फेजांवर सारखी वाटली तरी न्यूट्रल तापू शकतो. तिथे न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक घेणे ही घोडचूक ठरेल.

वाटणी ठरवायची ती प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर हातात घेऊन. आधी दुकानातला बाकीचा भार, म्हणजे ग्राइंडर, कटर, ड्रिल आणि दिवे कोणत्या फेजवर आहेत ते पाहावे. मग प्रत्येक मशीन एकेकटे चालवून, नेहमीच्याच रॉडवर, चारही तारांचे प्रवाह लिहून घ्यावेत. सर्वांत जास्त चालणारे मशीन सर्वांत हलक्या जोडीवर द्यावे. तीन मशीनपैकी एक आठ गेजच्या रॉडवर आणि दोन बारा गेजवर चालत असतील तर संख्येची समान वाटणी निरर्थक. तिथे प्रवाह आणि कामाचे तास पाहूनच ठरवावे लागते. प्रत्येक मशीनला स्वतंत्र स्विच आणि एमसीबी हवा, आणि परतीची केबल जॉबलाच चिमट्याने घट्ट धरलेली हवी, इमारतीच्या अर्थिंगला नाही.

हा बदल मीटरनंतरच्या वायरिंगमध्ये, परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायचा. डीपीवरची किंवा खांबावरची घरांची अदलाबदल महावितरणच्या जनमित्राचे, म्हणजे लाइनमनचे, काम. बदलताना फक्त वेल्डिंग मशीनच्या तारा हलवाव्यात. मेन स्विचवरच दोन फेजांची अदलाबदल केली तर दुकानातली प्रत्येक तीन फेजची मोटर उलटी फिरू लागते.