पित्ताच्या गांधी व खाद्यरंग

एखाद्या मुलाच्या अंगावर वारंवार पित्ताच्या गांधी उठतात आणि आपण त्यास खरूज समजून निराळे बसवितो. हे अनुचित होय. गांधी सांसर्गिक नाहीत. एकेक गांध बहुधा 24 तासांत मावळते. नव्या गांधी 6 आठवड्यांहून अधिक काळ उठत राहिल्यास विकार जुनाट समजावा. पालक रंगीत गोळ्यांस दोष देतात. टार्ट्राझीन या पिवळ्या रंगाने (वेष्टनावरील क्रमांक 102) थोड्या मुलांस त्रास होतो खरा. परंतु बहुतेकांच्या बाबतीत खाण्यातील कारण आढळत नाही. केवळ संशयावरून दूध, अंडी तोडून मुलास अर्धपोटी ठेवणे हा दुसरा अपाय. खाल्लेले पदार्थ व गांधी उठल्याची वेळ वहीत टिपून डॉक्टरांस दाखवावी. ओठ वा जीभ सुजून श्वास अडखळल्यास मात्र पालकांची वाट न पाहता मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.