न घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा कान

गोरेगाव पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून असलेलं नेस्कोचं आवार कुणाला नवरात्रातल्या गरब्यामुळे माहीत असतं, कुणाला २०२० साली तिथे उभ्या राहिलेल्या कोविड केंद्रामुळे. मुळात ती यंत्रं बनवणाऱ्या न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनीची जागा. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या पट्ट्यातले कारखाने गेले आणि त्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. इथे कारखाना गेला आणि त्याच्या जागी इतरांच्या कारखान्यांतला माल मांडून दाखवण्याचा धंदा आला. मेट्रो सातचं गोरेगाव पूर्व स्थानक झाल्यापासून अंधेरी किंवा बोरिवलीहून तिथे पोचणंही सोपं झालं आहे. मे महिन्याच्या अखेरीस या दालनांत तीन दिवस ‘पाम एक्स्पो’ भरतं. व्यावसायिक ध्वनियंत्रणा, प्रकाशयोजना आणि वाद्यं यांचं हे प्रदर्शन २००१ पासून चालू आहे. जानेवारीत याच आवारात कॅमेरेवाल्यांचा ‘कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक इमेजिंग फेअर’ भरत आला आहे. दोन्ही प्रदर्शनं व्यापाऱ्यांची. तरी दोन्हींत एक असा वर्ग हमखास दिसतो, ज्याला काहीच विकत घ्यायचं नसतं. खांद्याला सॅक, हातात माहितीपत्रकांची पिशवी, आणि प्रत्येक बटण फिरवून पाहायची खाज. स्टॉलवरचा विक्रेता त्याच्या गळ्यातला बिल्ला वाचतो, त्यावर कंपनीचं नाव दिसलं नाही की नजर त्याच्या मागच्या माणसाकडे वळवतो. विक्रेत्याचं काही चुकत नाही, त्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो. पण अशा प्रदर्शनात यंत्राची खरी परीक्षा जर कुणी करत असेल तर ती हाच हौशी माणूस करतो, आणि म्हणून त्याची गर्दी हा आयोजकांनी उपद्रव समजू नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी खरेदीदार काय करतो ते पाहू. जिल्ह्याच्या गावाहून आलेला साऊंडवाला किंवा मंडपवाला दालनात शिरतो तेव्हा त्याचा निर्णय बहुतेक झालेला असतो. त्याच्या गोदामात एका कंपनीचे बेस आणि टॉप आहेत, त्यांना जुळणारे अँप आहेत, ऑपरेटर पोरांचा हात एका विशिष्ट मिक्सरवर बसला आहे. तो बदलायचा म्हणजे सगळंच बदलायचं. शिवाय लग्नाच्या किंवा गणपतीच्या सुपारीत ‘अमुक कंपनीची सिस्टीम’ असं पार्टीच ठरवून सांगते. त्यामुळे प्रदर्शनात तो डीलरला भेटतो, उधारीची मुदत बोलतो, जुना माल परत घेणार का ते विचारतो. यंत्र ऐकतो तेही, पण आपल्याच कंपनीचं. यात गैर काही नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. हौशी माणसाला यातलं कुठलंच बंधन नसतं. तो दहा कंपन्यांचे दहा स्पीकर एकाच दुपारी, त्याच कानांनी, ओळीनं ऐकतो. तुलना करण्याची अशी संधी मुंबईतल्या एकाही दुकानात मिळत नाही. लॅमिंग्टन रोडला माल सगळ्यांचा मिळतो, पण तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, ऐकणार काय?

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. प्रदर्शनातलं प्रात्यक्षिक हा बेतलेला प्रयोग असतो. टीव्हीच्या स्टॉलवर रंग भडक केलेले असतात. कॅमेऱ्याच्या स्टॉलवर नटवलेल्या मॉडेलवर इतका भरपूर, इतका नेटका प्रकाश पाडलेला असतो की कुठलाही कॅमेरा उचला, फोटो चांगलाच येणार. ध्वनियंत्रणेचं तर विचारूच नका. गाणं कंपनीनं निवडलेलं, तंत्रज्ञानं सकाळी येऊन खोलीच्या मापानं आवाज बसवलेला, आणि आवाजाची पातळी शेजारच्यापेक्षा थोडी चढी. या शेवटच्या गोष्टीमागे शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन या बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खर्जातले आणि अगदी वरच्या पट्टीतले स्वर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. म्हणजे तोच स्पीकर थोडा मोठ्यानं वाजवला तर तो ‘भरदार’ वाटतो. दोन स्पीकरांत एक-दोन डेसिबलचा फरक असला तरी ऐकणारा मोठा वाजणारा पसंत करतो आणि आपण चांगला निवडला असं समजतो. मग असल्या रंगमंचावर पाहून-ऐकून हौशी माणसाला काय कळणार, असा हा आक्षेप.

उत्तर असं की प्रयोग बेतलेला आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो मोडताही येतो. आणि मोडण्याइतका मोकळा वेळ फक्त हौशी माणसाकडेच असतो. अनुभवी हौशी काय करतो ते दालनात तासभर निरखलं तर लक्षात येतं. तो पहिली विनंती करतो ती आवाज कमी करण्याची. विक्रेत्याला ही विनंती आवडत नाही, कारण हळू आवाजात स्पीकरचे दोष उघडे पडतात. मग तो समोरच्या खुर्चीवरून उठून बाजूला चालत जातो. समोर बसल्यावर जो स्पीकर गोड लागतो, तो कडेला गेल्यावर अनेकदा बसक्या घशाचा होतो, आणि सभागृहात निम्मे लोक कडेलाच बसतात. पुढून मागे चालत जाणं हीही एक परीक्षा आहे. साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. १९९० च्या दशकात फ्रान्सच्या क्रिस्तियाँ हाईल यांनी रुळवलेली ‘लाईन अ‍ॅरे’ ही उभ्या माळेची रचना हा उतार एका ठरावीक अंतरापर्यंत निम्म्यावर आणते, म्हणून मोठ्या मैदानात ती टांगतात. पण चार-सहा पेट्या एकाखाली एक लटकवल्या की लाईन अ‍ॅरे झाली असं होत नाही. माळेची लांबी पुरेशी नसेल तर खर्जाच्या स्वरांना तिचा काही फायदा मिळत नाही. हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं. पायांनी चालून कळतं.

सगळ्यात चांगली परीक्षा मात्र गाण्याची नव्हे, बोलण्याची. स्वतःच्या पेन ड्राइव्हवर एखाद्या निवेदकाचं किंवा कीर्तनकाराचं साधं मराठी बोलणं आणायचं आणि तेच वाजवायला सांगायचं. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ वेगवेगळे ऐकू येतात का? टाळ वाजला की कानात टाचणी घुसते का? पखवाजाचा डावा हात नुसता ‘धूम’ करून सगळं बुडवतो की प्रत्येक थाप सुटी राहते? महाराष्ट्रातल्या ध्वनियंत्रणेला वर्षभर जे काम असतं ते बहुतांशी सत्कार, भाषण, भजन, शाळेचं स्नेहसंमेलन आणि लग्नातला जिलबीच्या वेळचा गलका. ती यंत्रणा निवडली मात्र जाते ती इंग्रजी नृत्यसंगीताच्या दोन मिनिटांच्या तुकड्यावर. हा विरोधाभास विकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही आणि घेणाऱ्याच्याही, कारण दोघांनाही मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती डोळ्यांपुढे दिसत असतात.

आकड्यांचं तसंच. एकेकाळी आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले असत, आणि आत कागदी कोनाचे दोन छोटे स्पीकर असत. आता तो शब्द मागे पडला, पण ‘पीक’ वॉट आणि सतत पेलता येणारे वॉट यांतली गफलत शिल्लक आहे. हजार वॉटचा स्पीकर दोन हजारांचा केला तर आवाजात पडणारा फरक तीन डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठा वाटावा असं हवं असेल तर सुमारे दहापट ताकद लागते. हे गणित एकदा समजलं की निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात. उरलेल्यांसाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात: कोन फाटला तर रीकोनिंग कुठे होईल? डायफ्रामचा भाव काय आणि तो किती वर्षं मिळेल? गावाकडच्या जनरेटरवर, वीज दोनशे व्होल्टच्या खाली गेली तर अँप बंद पडतो की जळतो? असले प्रश्न विचारले की विक्रेता मागच्या खोलीतून इंजिनिअरला बोलावतो. प्रदर्शनाचं तिकीट वसूल होतं ते तिथे.

दुसरा आक्षेप आजच्या पिढीचा: हे सगळं यूट्यूबवर आहे की, गोरेगावला कशाला जायचं? लेन्सच्या तीक्ष्णतेचे नमुने, मोबाईलच्या बॅटरीचे तास, सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं यांच्या बाबतीत हे खरं आहे, आणि त्यासाठी कुणी महामार्गावरची धूळ खाऊ नये. पण स्पीकर यूट्यूबवर ऐकणं म्हणजे दुसऱ्याच्या जेवणाचा फोटो पाहून मीठ किती ते सांगणं. समीक्षकाच्या मायक्रोफोननं टिपलेला आवाज दाबून लहान केलेल्या फाइलमधून तुमच्या इअरफोनपर्यंत येतो. तुम्ही ऐकता तो इअरफोन. कॅमेऱ्याचंही थोडं तसंच. मोठी लेन्स लावल्यावर तो मनगटाला किती जड जातो, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का, बटणं अंगठ्याखाली येतात का, या गोष्टी हातात घेतल्याशिवाय कळत नाहीत. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तो कॅमेरा दहा-बारा तास धरायचा असतो.

तिसरा आक्षेप आयोजकांचा. हौशी गर्दीमुळे खरा ग्राहक ताटकळतो, स्टॉलचं भाडं वाया जातं. या बाबतीत बाहेरचा इतिहास बोलका आहे. जर्मनीत हॅनोव्हरला १९८६ पासून स्वतंत्रपणे भरणाऱ्या ‘सेबिट’नं घरगुती वापरकर्त्यांना वेगळं काढण्यासाठी १९९६ मध्ये ‘सेबिट होम’ हे निराळं प्रदर्शन सुरू केलं. ते टिकलं नाही. २००१ मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास माणसं खेचणारं मूळ प्रदर्शन पुढे ओसरत गेलं आणि २०१८ मध्ये कायमचं बंद झालं. त्याच देशात बर्लिनचं ‘इफा’ १९२४ पासून सर्वसामान्यांना आत घेत आलं आहे आणि अजून भरतं. यावर कुणी लास वेगासच्या ‘सीईएस’चा दाखला देईल. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेलं ते प्रदर्शन व्यवसायाबाहेरच्या माणसाला आत घेत नाही, तरी जोरात चालतं. दाखला खरा आहे. हौशी माणसाला घेतलं की प्रदर्शन जगतं आणि अडवलं की मरतं, इतका सरळ हिशेब नाही. सेबिट बुडण्याची कारणंही अनेक होती. पण सीईएसला हौशी माणसाची जागा जगभरातून आलेले पत्रकार भरून काढतात. आपल्या पाम एक्स्पोला किंवा कॅमेरा प्रदर्शनाला मराठी वर्तमानपत्रांतून किती जण जातात आणि गेलेच तर उद्‌घाटनाच्या फोटोपलीकडे काय छापतात? परीक्षा करणारं दुसरं कुणी नसेल तर हौशी माणसालाच ते करू द्यावं लागेल.

शिवाय आपल्याकडे हौशी आणि व्यावसायिक यांच्यातली रेघ फारच पुसट. आज गणेश मंडळाचा मिक्सर सांभाळणारा पोरगा पाचेक वर्षांत स्वतःची सिस्टीम घेतो. मामाच्या कॅमेऱ्यावर शिकलेला बारशाची कामं धरतो, मग लग्नाची. बिल्ल्यावर कंपनीचं नाव नाही म्हणून आज हाकललेला माणूस उद्या त्याच विक्रेत्याला चेक देणार असतो.

एका बाबतीत मात्र हौशी लोकांनाच बोल लावायला हवा. दालनात वाजणाऱ्या आवाजाचा ते विचारच करत नाहीत. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं मानलं तर पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. तासभर बेसच्या पेट्यांसमोर उभं राहिलेला कान तात्पुरता बधिर होतो, आणि त्यानंतर केलेली तुलना कवडीमोलाची असते. ऐकण्याचं काम सकाळी उरकावं, खिशात कानाचे बोळे ठेवावेत, आणि दुपार प्रकाशाच्या विभागाला द्यावी. तिथेही शार्पी नावाचे अरुंद झोताचे दिवे आणि लेझर पाहताना नुसतं ‘वा’ म्हणून चालणार नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकांतल्या लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या उंचीवर किरण न जाण्याची सोय या यंत्रात आहे का, हा प्रश्न लेझर विकत घेणारा विचारेलच असं नाही, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला किरण गर्दीवरच हवे असतात. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. त्या मर्यादेत चांगली वाजणारी यंत्रणा कोणती, हेही धंद्यातलं कुणी विचारत नाही. ज्याला त्या मिरवणुकीच्या रस्त्यावर राहायचं आहे, त्यानंच ते विचारायला हवं, आणि तो या दालनात हौशी म्हणूनच येणार.

असल्या प्रदर्शनांच्या नोंदणीच्या अर्जात सहसा कंपनीचं नाव आणि हुद्दा विचारतात, मग लोक भावाच्या दुकानाचं नाव टाकून आत शिरतात. आयोजकांनी त्या रकान्यात ‘हौशी’ असा सरळ पर्याय द्यावा, हवं तर जास्त तिकीट घ्यावं, तिसरा दिवस त्यांच्यासाठी ठेवावा. आणि जाणाऱ्यांनी गाण्याऐवजी कुणाचं तरी स्वच्छ मराठी बोलणं पेन ड्राइव्हवर घेऊन जावं.